माणूस घडवला की घडत आला?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एक वैदिक संमेलन भरले होते. त्या निमित्ताने तेथे आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनविषयी एक विधान केले. उत्क्रांतीचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, शाळा-कॉलेजचा अभ्यासक्रम बदलला पाहिजे, माणूस पृथ्वीवर दिसू लागल्यापासून माणूसच आहे, आणि माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कुणी सांगितले नाही की लिहून ठेवले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. देशातील तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी दोन दिवसांत संयुक्त निवेदन काढून हे म्हणणे खोडून काढले. त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळा, असे त्यांना सांगितले.

हे घडले ते शहर कोणते, तेही लक्षात घ्या. याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाने कॉलेज उभे राहिले त्याच गावात, पूर्वजांनी लिहिले नाही म्हणून खरे नाही, असे शिक्षण खात्याचा मंत्री सांगून गेला.

प्रकरण तेथेच थांबले नाही. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा चांगला सिद्धांत असल्याचे सांगितले. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता उरली. अभ्यासाचा भार कमी केला, असे कारण दिले गेले. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी पत्रावर सह्या करून विरोध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती राहिली हे खरे, पण तेथवर पोहोचणारी मुले किती? दहावीनंतर आयटीआयला, कॉमर्सला नाहीतर थेट कामाला जाणारा आपला मुलगा हा विषय पुन्हा कुठे वाचणार?

हा वाद आपल्या घरचा

विहारात हा विषय काढला की कुणीतरी म्हणतो, 'माणूस माकडापासून आला की ब्रह्मदेवापासून, त्याचे आपल्याला काय? रोजी मिळते का, पोराची फी भरली जाते का, ते बघा.' प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

पाश्चात्त्य देशांत हा वाद बायबलवरून झाला. १९२५ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला भरला गेला आणि त्याला १०० डॉलर दंड ठोठावला गेला. पुढे २००५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर येथील खटल्यात, कुणा बुद्धिमान कर्त्याने सृष्टी रचली ही कल्पना विज्ञान म्हणून सरकारी शाळेत शिकवता येणार नाही, असा निकाल लागला. पण त्यांच्या निर्मितीकथेत निदान सगळी माणसे एकाच जोडप्याची लेकरे आहेत. आपल्याकडील कथा तशी नाही. पुरुषसूक्तात मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र झाले असे सांगितले आहे. मनुस्मृतीने तीच कथा उचलून प्रत्येकाची कामे वाटून दिली. आपण अस्पृश्य तर त्या शरीराच्या पायातही नव्हतो!

म्हणजे निर्मितीची कथा आपल्याकडे नुसती कथा राहिली नाही. तिच्यातून पाणवठा ठरला, वस्ती ठरली, मेलेले ढोर कोणी ओढायचे ते ठरले. 'देवाने जसे घडवले तसेच राहायचे' हे तिचे सार. उत्क्रांती नेमके याच्या उलट सांगते. कोणताही जीव कायमचा ठरवून घडवलेला नाही. सगळे एकमेकांचे नातलग आहेत आणि सगळे बदलत आले आहेत. म्हणून हा वाद पोट भरलेल्यांचा नाही, आपलाच आहे.

बुद्ध, फुले आणि बाबासाहेब

ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, या दाव्याला तथागतांनी अग्गञ्ञ सुत्तात उत्तर दिले आहे. वासेट्ठ व भारद्वाज या ब्राह्मण कुळातील तरुणांना ते साधी गोष्ट दाखवतात. ब्राह्मणांच्या बायकांनाही पाळी येते, दिवस जातात, त्या बाळंत होतात आणि मुलाला अंगावर पाजतात. मग मुखाचा प्रश्न येतोच कुठे? वासेट्ठ सुत्तात ते आणखी पुढे जातात. गवत, झाडे, किडे, चार पायांची जनावरे, साप, मासे, पक्षी यांच्यात जन्माने वेगवेगळ्या जाती दिसतात, तशा खुणा माणसामाणसांत नाहीत. केस, कान, डोळे, हात, पाय, कशातच नाहीत. माणसाची जात एकच.

महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मल्याच्या कथेची अशीच रोखठोक उलटतपासणी केली, आणि मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांचीही. डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये आले होते, माणसाच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ १८७१ मध्ये. म्हणजे इंग्लंडात आणि पुण्यात हे प्रश्न जवळजवळ एकाच काळात गाजत होते. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्याच्या आरंभीच पुरुषसूक्ताची चिकित्सा केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही सृष्टिकर्त्या ईश्वरावरील विश्वासाला धम्मात स्थान नाही, हे त्यांनी सविस्तर मांडले.

येथे एक सावधगिरीची सूचना. 'डार्विनचे सगळे बुद्धाने आधीच सांगितले होते' असे आपले काही वक्ते टाळ्यांसाठी बोलतात. ते बरोबर नाही. अग्गञ्ञ सुत्तातच स्वयंप्रकाशी जीव आकाशात विहरत होते आणि पृथ्वीचा रस चाखून जड झाले अशी कथा येते. ती काही जीवशास्त्र नव्हे. बुद्धांनी जनुके पाहिली नव्हती, जीवाश्म मोजले नव्हते. त्यांनी दिली ती पाहण्याची रीत: समोर काय दिसते ते पाहा, कारण शोधा, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. दशावतारात उत्क्रांती शोधणाऱ्यांना आपण हसतो, मग तेच काम आपण सुत्तांच्या बाबतीत करू नये. उत्क्रांती खरी आहे ती बुद्धाने सांगितली म्हणून नाही, पुराव्याने सिद्ध झाली म्हणून.

दोन खतावण्यांतली एकच चूक

मग पुरावा कोणता? 'कुणी पाहिले?' हा मंत्र्यांचा प्रश्न कारकुनी करणाऱ्या माणसाला विचित्र वाटतो. आमच्या ऑफिसात दहा वर्षांपूर्वीचा व्यवहार डोळ्यांनी पाहिलेला कुणी नसतो. तरी रोजकीर्द, पावती आणि खतावणी लावून हिशेब तपासनीस तो खरा की खोटा ते सांगतो. समजा, दोन रजिस्टरांत बेरीज बरोबर आली, तर त्यावरून काही कळत नाही. पण दोन्हींत त्याच पानावर, त्याच ओळीत एकच चूक सापडली तर? तपासनीस म्हणेल, ही दोन्ही एकाच मूळ रजिस्टरावरून उतरवलेली आहेत.

अशी चूक आपल्या शरीरात आहे. गाय, बकरी, कुत्रा यांना लिंबू-आवळा खावा लागत नाही. 'क' जीवनसत्त्व त्यांचे शरीरच तयार करते. त्यासाठी लागणारे जनुक आपल्यातही आहे, पण ते मोडलेले, निकामी आहे. चिंपांझी, गोरिला यांच्यातही ते निकामीच आहे आणि मोडण्याच्या खुणा आपल्याशी जुळतात. गिनीपिग या प्राण्यातही ते जनुक बंद पडले आहे, पण वेगळ्या रीतीने मोडून. म्हणजे त्याची चूक त्याची स्वतःची, आपली आणि वानरांची मात्र एकाच जुन्या रजिस्टरातली. प्रत्येक जीव वेगळा घडवला असता, तर घडवणाऱ्याने माणसात आणि चिंपांझीत तेच निकामी यंत्र तशाच मोडतोडीसह का बसवावे? दोघांचा पूर्वज एक, हे उत्तर सरळ आहे.

आणि 'माकडाचा माणूस झाला' असे विज्ञान म्हणतच नाही. आजचे माकड आपला बाप नव्हे, दूरचा चुलतभाऊ आहे. लाखो वर्षांपूर्वी एकच घराणे होते, त्याच्या फांद्या निरनिराळ्या झाल्या. कोणत्याही आईने एके दिवशी आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचे बाळ जन्माला घातले नाही. येथे मिलिंद राजाला नागसेनाने दिलेला दिव्याचा दाखला मला आठवतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत तीच की दुसरी? तीच म्हणता येत नाही, अगदी दुसरीही म्हणता येत नाही. नागसेनाने हा दाखला वेगळ्या विषयासाठी दिला होता, पण पिढ्यांचा बदल समजायला तो उपयोगी पडतो. ज्योत कोणत्या क्षणी बदलली ते कुणालाही दाखवता येणार नाही, म्हणून ती बदललीच नाही असे होत नाही.

गिरडचे नारळ आणि पिसदुऱ्याचे शेण

आता आपल्या मातीतला पुरावा पाहू. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तेथे सर्व धर्मांचे लोक श्रद्धेने जातात. त्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. बंजारा व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, म्हणून त्यांच्या मालाचे, नारळांचे दगड झाले, अशी दंतकथा आहे. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्येही ही कथा नोंदलेली आहे आणि हे दगड म्हणजे झिओलाइट खनिजांचे गोळे आहेत हेही. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या पत्थरावर बसला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने खनिजे साठत गेली आणि असे गोळे तयार झाले. तोच पत्थर झिजून आपली कापसाची काळी जमीन झाली.

म्हणजे गिरडचे नारळ हे नारळही नव्हेत आणि जीवाश्मही नव्हेत. हे मुद्दाम सांगतो. गोल दिसला दगड की त्याला डायनोसॉरचे अंडे म्हणणे हीसुद्धा अंधश्रद्धाच. पुरावा तपासून घ्यावा लागतो.

खरे जीवाश्म पाहायचे तर आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावी जावे. तेथील लाव्ह्याखालच्या थरांत डायनोसॉरची हाडे आणि त्यांचे दगड झालेले शेण सापडले आहे. शेणाला हसू नका. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेणाचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. त्यात त्यांना गवताच्या पानांतले वाळूसारखे सूक्ष्म कण सापडले. काही कण तर भाताच्या नात्यातल्या गवतांशी जुळणारे होते. हे संशोधन २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, असे तोवर समजले जाई. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत मोडली आणि शास्त्रज्ञांनी आपले म्हणणे बदलले. ग्रंथ आणि विज्ञान यांत फरक आहे तो हाच. ग्रंथातले वाक्य पुराव्यापुढे वाकत नाही, विज्ञानातले वाकते.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. पिसदुऱ्याच्या त्या थरांत गवत आहे, डायनोसॉर आहे, पण माणसाचे एकही हाड नाही. भारतात माणसाच्या घराण्यातील जी जुनी कवटी सापडली ती नर्मदाकाठी हथनोरा येथे, १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना, लाव्ह्याच्या मानाने अगदी अलीकडच्या थरात. सगळे जीव एकाच वेळी घडवले असते, तर त्यांचे अवशेष सगळ्या थरांत मिसळलेले सापडले असते. जगभर खणले तरी तसे सापडत नाही.

वेचणाऱ्या बायांनी पाहिलेली उत्क्रांती

'उत्क्रांती होताना कुणी पाहिली?' या प्रश्नाचे उत्तर हिंगणघाट, देवळी, आर्वीकडची कापूस वेचणारी बाई देऊ शकेल. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. त्या झाडात जिवाणूचे जनुक घातल्याने बोंड खाणारी अळी मरते. २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, शेतकरी खूश होता. पण २०१० मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या वाणाला दाद देत नसल्याचे बियाणे कंपनीनेच जाहीर केले. २०१७ च्या हंगामात तर दोन जनुकांच्या वाणावरही अळी आली आणि विदर्भातील शेतकऱ्यांची बोंडे आतून किडली.

काय झाले? अळीने बीटीची सवय करून घ्यायचे ठरवले नाही, की कुणी देवाने तिला वर दिला नाही. लाखो अळ्यांत दोन-चार अशा होत्या की ज्यांच्या जनुकात थोडा फरक होता. बाकीच्या मेल्या, त्या जगल्या. त्यांची पिल्ले त्यांच्यासारखी निघाली. एका हंगामात अळीच्या अनेक पिढ्या होतात, त्यामुळे काही वर्षांत शेतात त्यांचेच राज्य झाले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याचे छोटे पाकीट मिळे आणि ते कडेने लावा असे सांगितले जाई, ते याचसाठी. कडेच्या झाडांवर साध्या अळ्या जिवंत राहाव्यात, त्यांचा संकर होत राहावा आणि दाद न देणारी अळी फार वाढू नये, हा हेतू. उत्क्रांती कुणी नीट समजावून सांगितली नाही, म्हणून कितीतरी बांधांवर ती पाकिटे तशीच पडून राहिली.

त्याच २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप असतो तो बहुधा भूमिहीनाच्या. क्षयरोगाचेही तसेच. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की उरलेले चिवट जंतू वाढतात आणि पुढे साधे औषध लागू पडत नाही. उत्क्रांती नाकारली म्हणून ती थांबत नाही, तिची किंमत मात्र गरीब माणूस मोजतो.

आपल्या रक्तातला पुरावा

सर्वांत जवळचा पुरावा सिकलसेलचा आहे. विदर्भात आपल्या समाजात, तसेच आदिवासी व इतर अनेक समाजांत हा आजार आहे. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. रक्तातील हिमोग्लोबिनची एक साखळी १४६ मण्यांची आहे असे समजा. तिच्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. तेवढ्याने रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लेकरू हाडांच्या दुखण्याने रात्ररात्र कळवळते.

आई-बाप दोघांकडून बदललेले जनुक आले तर मूल रुग्ण होते, त्याला आपल्याकडे 'एसएस पॅटर्न' म्हणतात. एकाकडूनच आले तर ते वाहक, म्हणजे 'एएस पॅटर्न'. वाहकाला सहसा त्रास नसतो. इतके त्रासदायक जनुक पिढ्यानपिढ्या टिकले कसे? १९५४ साली अँथनी ॲलिसन या डॉक्टराने पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून उत्तर दिले. वाहक मुलाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे मलेरियाचे थैमान होते, तेथे वाहक मुले जास्त जगली आणि त्यांच्याबरोबर ते जनुकही टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, आपल्याकडे, जेथे जुना मलेरिया तेथे सिकलसेल, असा नकाशा जुळत जातो.

आता निर्मितीवाद्यांना विचारावेसे वाटते, कुणी कर्त्याने विचार करून हे रक्त घडवले असेल, तर त्याने मलेरियावर असला उपाय का दिला, की जो एका लेकराला वाचवतो आणि त्याच्याच भावंडाला वेदनेत टाकतो? निसर्गाला हेतू नसतो. जे त्या वेळी, त्या ठिकाणी उपयोगी पडले ते टिकले, मग त्याची किंमत काहीही असो.

यात आणखी एक गैरसमज फिटतो. 'सर्वांत लायक तोच टिकतो' हे शब्द हर्बर्ट स्पेन्सरने रूढ केले. त्यांचा आधार घेऊन श्रीमंतांनी, गोऱ्यांनी आणि आपल्याकडील वरच्या म्हणवणाऱ्यांनी स्वतःला निसर्गाचे लाडके ठरवले. सिकलसेल सांगते की लायकी म्हणजे श्रेष्ठपणा नव्हे. मलेरियाच्या रानात जे जनुक वाचवते, तेच दुसरीकडे नुसते ओझे ठरते. रक्ताची शुद्धी राखण्यासाठी जातिव्यवस्था आहे, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त फेटाळला होता. उलट त्याच त्या घेऱ्यात लग्ने होत राहिली की वाहकाला वाहक भेटण्याचा संभव वाढतो. आंतरजातीय विवाहाची वाट बाबासाहेबांनी समतेसाठी दाखवली, आरोग्याच्या दृष्टीनेही ती हिताची आहे.

करायचे काय?

अशा आजारी लेकराच्या आईला आजही ऐकावे लागते: मागच्या जन्मीचे पाप, देवीचा कोप, सुनेचा पायगुण. हे सारे त्या जुन्या निर्मितीकथेचेच नातेवाईक आहेत. धम्मदीक्षेला इतकी वर्षे होऊन आपल्याच घरांत हे शब्द निघत असतील, तर औरंगाबादच्या भाषणावर टीका करण्याचा आपला अधिकार कमी होतो. आजार सुनेने आणला नाही. रुग्ण मुलाला जनुक आई आणि बाप दोघांकडून सारखेच आलेले असते, आणि त्या दोघांना ते त्यांच्या आई-बापांकडून. कुणाचाच दोष नाही.

दोष नाही, पण जबाबदारी आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी होते. लग्नाआधी मुला-मुलीची तपासणी करून घ्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याचा संभव चारात एक असतो. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त साधे असेल, तर मूल रुग्ण होत नाही, फार तर वाहक होते. वाहक मुलीला नकार देऊ नका, तिच्यात काही उणे नाही. जोडीदार वाहक नसावा, एवढेच पाहायचे. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी भगताकडे न जाता नियमित उपचार घ्यावेत. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने पुष्कळांचा त्रास कमी होतो. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचा लाभ मागून घ्या.

दुसरे काम शाळेचे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा होता. पुस्तके बदलली तरी हा धडा राहतो की जातो, याकडे पालकांनी लक्ष ठेवावे, गेला तर मुख्याध्यापकांना आणि मंडळाला पत्र लिहावे. विहारातल्या रविवारच्या वर्गात वंदनेनंतर अर्धा तास यासाठी द्यावा. मुलांना बोंडअळीची गोष्ट सांगावी, जमल्यास पिसदुरा दाखवावा, पण तेथील एकही दगड उचलू देऊ नये. तो पुरावा आहे, साऱ्यांच्या मालकीचा.

आणि लग्न जुळवताना अजूनही कुणी आडून पत्रिका मागत असेल, तर त्याला सांगा, पत्रिका राहू द्या, आधी दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवू.

जय भीम!